टोटल लॉस झालेल्या गाडीचे पैसे : या चुका टाळा

धुळे-जळगाव रस्त्यावर ट्रकने गाडी चेपली, माणसं वाचली, की घरातले म्हणतात, 'जीव वाचला ना अप्पा, कंपनी देईल ते घ्या आन् मोकळे व्हा.' विमा कंपनी दान देत नसते. वर्षाचा हप्ता भरलाय, हिशेब मागायचा.

हिशेब सुरू होतो पॉलिसीवर छापलेल्या आयडीव्हीपासून, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीपासून. टोटल लॉसमध्ये, म्हणजे गाडी दुरुस्त करणं परवडत नाही असं ठरल्यावर, तीच गाडीची किंमत. पॉलिसीला दहा महिने झाले म्हणून त्यावर पुन्हा घसारा लागत नाही. 'बाजारात हिला चारच लाख येतील' असं सर्व्हेअर (नुकसान मोजायला आलेला माणूस) म्हणाला तर ऐकून घ्या, मान डोलवू नका. मात्र हप्ता वाचवायला तुम्हीच आयडीव्ही खाली घ्यायला लावला असेल, तर आता इलाज नाही.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. त्यात गाडी बाहेर काढण्याचा खर्चही येतो. कन्नड घाटातून क्रेनने वर ओढली असेल तर ती पावती जपून ठेवा. गॅरेजचं पहिलं एस्टिमेट वरवर बघून केलेलं असतं. आकडा सत्तर टक्क्यांपाशी अडला आणि 'दुरुस्तच करून घ्या' असा लकडा लागला, तर इंजिन उघडून, चेसिस तपासून पुरवणी एस्टिमेट लेखी मागा.

खरे पैसे बुडतात ते भंगारात. समजा आयडीव्ही ६ लाख, गाडी १५०० सीसीच्या आतली. सक्तीची कपात, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही सोसायची रक्कम, १ हजार. गाडी कंपनीने नेली तर हातात ५,९९,०००. ती तुमच्याकडे ठेवून कंपनीने भंगाराचे दीड लाख धरले, तर ४,४९,००० आणि दारात सांगाडा. हा दीड लाखाचा आकडा आला कुठून, ते विचारा. खरेदीदाराची लेखी ऑफर दाखवा म्हणा. तोच माणूस नंतर फोनवर 'भाऊ, लाखच देतो' म्हणाला तर फरक तुमच्या खिशातून जातो. सांगाडा सांभाळायची हौस नसेल तर 'गाडी तुम्हीच न्या' हे पहिल्याच पत्रात लिहा.

आरसीकडे तर कुणी बघतच नाही. गाडी कायमची निकामी झाली की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. एमएच १९ ची (जळगावची) आरसी तशीच भंगारवाल्याच्या हाती दिली, की तुमचा चेसिस नंबर चोरीच्या गाडीवर चढायची वाट मोकळी. नाव तुमचंच, चौकशीही तुमच्याच दारात.

कर्ज असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात. पण तोवर कर्ज चालूच असतं, म्हणून क्लेम निघेपर्यंत ईएमआय थांबवू नका.

रक्कम पटली नसेल तर 'फुल अँड फायनल'च्या (आता काही बाकी नाही अशा) कागदावर सही करण्याआधी हरकत ईमेलने नोंदवा आणि सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा. सही झाल्यावर भांडण फार अवघड जातं. तक्रार आधी कंपनीकडेच करायची. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. खान्देशासाठी ते कार्यालय पुण्यात आहे, फी लागत नाही, वकीलही नको. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत अर्ज जायला हवा. ग्राहक आयोग मात्र जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आहे.