पॉवर कमी येतेय? पेचकस उचलायच्या आधीची तयारी

हॅम रेडिओच्या एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या) सेटची टीएक्स म्हणजे ट्रान्समिटची पॉवर कमी येतेय म्हणून रविवारी डबा उघडून बसणार असाल तर भाऊ, शनिवारीच टेबल लावून ठेवा, नाहीतर ऐन वेळी एका रेझिस्टरसाठी बर्डीला (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) गाडी काढावी लागते अन् पार्किंग शोधण्यातच अर्धा मूड जातो. आणि डबा उघडायचाच असं ठरवून तर बसूच नका, बहुतेक वेळा भानगड डब्याच्या बाहेरच असते.

पहिले कागद-पेन घ्या. सगळ्यात वर लिहा की या सेटमधून यायला किती पाहिजे, कारण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. हर्मिस लाइट असेल तर 5 वॅटच्या आसपास. हॅकआरएफ असेल तर 10 मेगाहर्ट्झपासून 2170 पर्यंत 5 ते 15 डीबीएम, म्हणजे साधारण 3 ते 30 मिलिवॅट, बस. प्लूटो तर 7 डीबीएमच्या आसपास, म्हणजे 5 मिलिवॅट. आता हॅकआरएफला थेट वॅटमीटर लावून "काटा हलतच नाही बे" म्हणणाऱ्याचा सेट ठणठणीत आहे, त्याला अँप्लिफायर पाहिजे अन् त्याच्या पुढे लो-पास फिल्टर. तिथं फक्त गेन बघून घ्या, हॅकआरएफचा टीएक्स व्हीजीए (गेनची सेटिंग) 0 ते 47 डीबीपर्यंत जातो, प्लूटोला उलटं, तिथं अ‍ॅटेन्युएशन (सिग्नल किती कमी करायचा तो आकडा) असतं, 0 म्हणजे फुल.

मग डमी लोड, म्हणजे टेस्टिंगसाठी अँटेनाच्या जागी लावायचा 50 ओहमचा रेझिस्टर. विकतचा नसेल तर 1 किलोओहमचे 2 वॅटवाले 20 रेझिस्टर पॅरलल जोडा, 50 ओहम झाले अन् 40 वॅटपर्यंतची सोय झाली. कार्बन किंवा मेटल फिल्मच घ्या, वायरवाउंड नको, तो कॉइलसारखा वागतो. सगळं टेस्टिंग यावरच करायचं, सकाळी 40 मीटर बँडवर लोकांचे नेट (ठरलेल्या वेळेच्या गप्पा) चालू असतात तिथं हॅलो-टेस्ट करत बसलं तर बरोबर नाही वाटत.

मीटरचं जरा नीट ऐका. 100 वॅटच्या स्केलवर 5 वॅट मोजायला गेलात तर जे दिसेल त्यावर भरवसा नाही, बर्ड 43 सारख्या नावाजलेल्या मीटरची अचूकतासुद्धा फुल स्केलच्या 5 टक्के दिलेली आहे, म्हणजे 100 वॅटच्या स्लगवर (मीटरमध्ये घालायच्या रेंजच्या तुकड्यावर) 5 वॅट इकडे-तिकडे, तुमचा अख्खा सिग्नलच त्यात गेला! त्यापेक्षा डमी लोडवर एक 1एन4148 डायोड अन् 0.01 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून साध्या मल्टीमीटरवर डीसी व्होल्ट बघा. आलेल्या व्होल्टात 0.7 मिळवा, वर्ग करा, 100 ने भागा, झाले वॅट. 5 वॅटला साधारण 21.7 व्होल्ट दिसले पाहिजेत. 10 वॅटच्या वर मात्र हा डायोड लावू नका, त्याची रिव्हर्स व्होल्टची लिमिट जवळ येते. आणि मोजताना ट्यून बटण किंवा सीडब्ल्यूचा (मोर्सचा) सलग कॅरिअर लावा, एसएसबीवर (आवाजाच्या मोडवर) बोलून मोजू नका, अ‍ॅव्हरेज मीटर बोलण्यावर कमीच दाखवणार. टू-टोन (दोन सुरांचा टेस्ट सिग्नल) लावला तरी तो पीईपीच्या (शिखराच्या पॉवरच्या) निम्मंच दाखवतो, तो दोष सेटचा नाही.

सप्लायची तयारी म्हणजे मल्टीमीटरचे प्रोब सेटच्या सॉकेटपाशी लावता येतील अशी जागा करून ठेवणं. एसएमपीएसवर (पॉवर सप्लायवर) 13.8 व्होल्ट दिसतात म्हणून खूश होऊ नका, की-डाउन करून, म्हणजे ट्रान्समिट चालू ठेवून, सेटपाशी बघा. बारीक वायर अन् गंजका फ्यूज होल्डर असला की तिथं 11.5 सुद्धा दिसतात, अन् फायनलची (सेटमधल्या शेवटच्या अँप्लिफायरची) जास्तीत जास्त पॉवर साधारण व्होल्टच्या वर्गाप्रमाणे उतरते, म्हणजे 30 टक्के तिथंच गेली. फ्यूज होल्डरला हात लावून बघा, गरम लागला की समजून जा.

लॅपटॉपची तयारी आदल्या रात्रीच करा, कारण अपडेट तेव्हाच येणार ज्या दिवशी घाई आहे. पॉवर सेव्हर बंद. साउंडमध्ये माइक अन् आउटपुट कोणतं डिव्हाइस निवडलंय ते बघा, अपडेटनंतर ते आपोआप बदलतं. सॅम्पल रेट दोन्हीकडे 48000 असू द्या. एफटी8 (कॉम्प्युटरवरचा डिजिटल मोड) करत असाल तर डब्ल्यूएसजेटी-एक्समधला पॉवरचा स्लायडर खाली नाही ना? सॉफ्टवेअरमध्ये पीए (पॉवर अँप्लिफायर) एनेबलची टिक आहे ना? थेटिस या एसडीआर सॉफ्टवेअरमध्ये बँडप्रमाणे पीए गेनचे आकडे असतात, तो आकडा वाढवला की पॉवर कमी होते, वाढत नाही, लोक नेमके उलटं करतात. जीएनयू रेडिओ हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी टर्मिनलकडे लक्ष ठेवा, यूयूयू अशी रांग लागली म्हणजे कॉम्प्युटर वेळेवर डेटा देत नाही अन् सिग्नल तुटतोय. सेटला जाणाऱ्या आयक्यू सिग्नलचं अ‍ॅम्प्लिट्यूड निम्मं ठेवलं की 6 डीबी गेले, म्हणजे पॉवर चौथाई.

आता अँटेना. डमी लोडवर पूर्ण पॉवर येते अन् अँटेनावर पडते, तर सेटला सोडा, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून पॉवर किती परत येते त्याचा आकडा) बघा, बरेच सेट 2 च्या वर गेला की स्वतःच पॉवर कमी करतात. आपल्याकडे कोअ‍ॅक्स (अँटेनाची केबल) खिडकीतून आत येतो अन् उन्हाळ्यात त्याच खिडकीत डेझर्ट कूलर बसतो, खसच्या जाळीचं पाणी टपटप पीएल-259 कनेक्टरवर. कनेक्टर उघडला की आतली जाळी हिरवी-काळी झालेली दिसते. तेवढा तुकडा कापून नवीन कनेक्टर लावा, नुसती टेप गुंडाळून भागत नाही. अन् 2 मीटर बँडवर 30 मीटर लांब आरजी-58 केबल टाकली असेल तर 6 डीबी केबलमध्येच जातात, वर चौथाई पोचते.

मे महिन्यात 45 डिग्रीत दुपारी टेस्ट करू नका, हीटसिंक आधीच तापलेला असतो. सकाळी थंड सेटवर एक रीडिंग, पाच मिनिटं चालवून दुसरं, फरक पडला तर पंखा अन् थर्मल पेस्ट बघायची.

एवढं होऊनही कमीच येत असेल तर डब्याच्या आधी एक शेवटची टेस्ट: एसएसबीवर माइक बंद ठेवून पीटीटी (बोलायचं बटण) दाबा अन् सप्लायचा करंट बघा. वाढलाच नाही तर फायनलला बायस (त्याला चालू ठेवणारं व्होल्टेज) मिळत नाही किंवा पीटीटी तिथवर पोचत नाही. वाढला पण पॉवर नाही, तर ड्राइव्ह (फायनलला मिळणारा सिग्नल) किंवा लो-पास फिल्टरचा रिले, आणि एकाच बँडवर कमी असेल तर रिलेवरच शंका घ्या. आता उघडा डबा. ग्रुपवर विचारायचं असेल तर बँड, सेटपाशी व्होल्ट, करंट, डमी लोडवरचे वॅट अन् एसडब्ल्यूआर हे पाच आकडे टाका, "पॉवर कमी येतेय, काहून?" एवढ्यावर कोणताच ओएम (हॅम मित्र) काही सांगू शकत नाही.