बोटीच्या बॅटरीसाठी टेस्टर घेताय? आधी हे वाचा

बॅटरी दुरुस्तीच्या धंद्यात नवीन आलेला कोणी "कोणता टेस्टर घेऊ?" असं विचारतो, तेव्हा मी त्याला आधी उलटं विचारतो, की बोटीत ती बॅटरी करते काय? इंजिनाला सेल्फ मारते, की लाइट, पाणी उपसायचा पंप, स्पीकर किंवा बॅटरीवरची छोटी मोटर चालवते? हे माहीत नसेल तर पैसे खिशातच राहू द्या.

मी शिकलो ते सोलापुरात, इन्व्हर्टर, ट्रॅक्टर आणि रिक्षाच्या बॅटऱ्यांवर. बोटीच्या बॅटऱ्या नंतर यायला लागल्या, टेंभुर्णीकडून, करमाळ्याकडून. थंडीत उजनी धरणाच्या फुगवट्यात रोहित पक्षी उतरतात, फिरायला येणाऱ्यांची गर्दी होते, आणि एरवी कोपऱ्यात धूळ खात पडलेली बॅटरी बोटवाल्याला एकदम आठवते. त्या वेळी तो तुमच्याकडे येणार आणि "चेक करून द्या, उद्या सकाळी लागते" म्हणणार.

व्होल्टेज कसं बघायचं हे तुम्हाला येतंय असं धरतो. निवांत पडलेल्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीला 12.6 ते 12.7 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण अर्धी. चार्जरवरून काढल्या काढल्या दिसणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, रात्रभर पडू द्या. मल्टीमीटर घेताना शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा घ्या, कारण भरलेली की अर्धी हा खेळ अर्ध्या व्होल्टचाच असतो.

आता मुख्य खड्डा. मी स्वतः यात बराच काळ पडून होतो, म्हणून लांबण लावतोय, कंटाळू नका.

तीन-चार हजारांत मिळणारा छोटा इलेक्ट्रॉनिक टेस्टर सगळ्यांना आवडतो. दोन चिमटे लावले, बटण दाबलं, की पाच सेकंदांत "गुड बॅटरी". हा टेस्टर बॅटरीत बारीकसा एसी सिग्नल सोडतो आणि प्लेटा करंट किती सहज जाऊ देतात ते मोजतो. त्याला म्हणतात कंडक्टन्स. त्यावरून तो सीसीए काढतो. सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँपिअर) म्हणजे उणे 18 अंशांत बॅटरी 7.2 व्होल्टच्या खाली न जाता 30 सेकंद किती अँपिअर देऊ शकते तो आकडा. (उन्हाळ्यात 43 अंशांत भाजणाऱ्या सोलापुरात आपण उणे 18 चा आकडा घेऊन बसतो, पण ते असो.) म्हणजे हा टेस्टर बघतो तो झटका. इंजिनाच्या सेल्फला झटकाच लागतो, म्हणून तिथे तो चांगला चालतो.

पण पंप आणि मोटर चालवणाऱ्या बॅटरीला झटका नको, टिकाव लागतो. तिथे हिशोब एएचचा, म्हणजे अँपिअर-तासांचा: किती अँपिअर किती तास मिळतात. ती रोज खोल उतरते, पुन्हा भरते, आणि वर्षा-दोन वर्षांत पॉझिटिव्ह प्लेटवरचा माल सैल होऊन खाली बसायला लागतो. तो माल धरणारी शिशाची जाळी मात्र शाबूत असते. झटका अजून जोरात निघतो, म्हणून टेस्टर "गुड" म्हणतो. आत 100 एएचची 50 राहिलेली असते. उजनी शंभर टक्के भरली अशी बातमी येते, पण तळाशी गाळ किती साठलाय ते त्या टक्क्यात दिसत नाही. तसंच हे.

वर आणखी एक गंमत. टेस्टर सीसीए विचारतो आणि आपल्याकडच्या बऱ्याच बॅटऱ्यांवर नुसता एएच छापलेला असतो. ट्यूब्युलरवर (इन्व्हर्टरला लावतात ती नळीच्या प्लेटांची बॅटरी) तर सीसीए शोधूच नका. मग पोरगं अंदाजाने 700 टाकतं, नाहीतर एएचचाच आकडा टाकतं. 150 टाकलं तर मरायला टेकलेली बॅटरीही शंभर टक्के ठणठणीत निघते. बाहेरून आलेल्या बोटीच्या बॅटरीवर एमसीए (मरीन क्रँकिंग अँपिअर) छापलेला असतो, तो शून्य अंशाचा आकडा असल्याने मोठा दिसतो. तो सीसीए म्हणून टाकलात तर चांगली बॅटरी नापास होईल. त्याला साधारण 0.8 ने गुणून टाका.

मग टिकाव मोजायचा कसा? एकच खरा मार्ग आहे आणि तो कोणाला आवडत नाही, कारण त्यात वेळ जातो. बॅटरी पूर्ण भरा, निवांत ठेवा, मग ठरावीक लोडवर 10.5 व्होल्टपर्यंत उतरवा आणि तास मोजा. 100 एएच 20 तासांच्या हिशोबाने लिहिलेली असेल तर लोड 5 अँपिअर. त्यासाठी महाग यंत्र लागत नाही. गाडीच्या हेडलाइटचा 60 वॉटचा बल्ब जवळजवळ तेवढाच करंट ओढतो. बल्ब लावून बॅटरी 11 तासांत 10.5 वर आली तर समजा निम्मी-शिम्मी उरली. 80 टक्क्यांच्या खाली गेली की मी मालकाला बदलायला सांगतो. फक्त 10.5 ला बल्ब काढा, झोपून जाऊ नका, आणि लगेच चार्जिंगला लावा. उतरलेली तशीच ठेवली की सल्फेट धरते, मग तपासणीनेच बॅटरी मारली असं होतं.

करंट मोजायला क्लॅम्प मीटर घेणार असाल तर डीसी मोजणारा घ्या. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात, बॉक्सवर बारीक अक्षरात असतं.

हे वाचून घाबरू नका. सुरुवातीला मल्टीमीटर, अ‍ॅसिडची घनता (ग्रॅव्हिटी) मोजणारा काचेचा हायड्रोमीटर आणि तो बल्ब, एवढ्यावर निम्म्याहून जास्त बॅटऱ्यांचा निकाल लागतो. हायड्रोमीटरला पोरं जुनाट समजतात, मला तो सगळ्यात प्रामाणिक वाटतो. सहापैकी एका सेलची ग्रॅव्हिटी बाकीच्यांपेक्षा 50 पॉइंटने (म्हणजे 0.050 ने) खाली असेल तर पुढे काही तपासायची गरज नाही. मात्र आपल्याकडच्या उन्हाळ्यात आकडा दुरुस्त करा. ग्रॅव्हिटी 27 अंशांना धरलेली असते, अ‍ॅसिड 40 ला तापलं की ती कमी दिसते. 27 च्या वरच्या दर अंशाला 0.0007 मिळवा. 1.230 दिसलं तर खरं 1.239, म्हणजे ट्यूब्युलर असेल तर भरलेलीच. हे न केल्यामुळे मे महिन्यात चांगल्या बॅटऱ्या उगाच चार्जरवर उकळतात.

आता उस्ताद लोकांबद्दल. बरेच उस्ताद वायर दोन्ही टर्मिनलला घासून ठिणगी बघतात आणि "का बे, यंत्र कशाला लागतं?" म्हणतात. त्यांच्याकडून प्लेटा बांधायला शिका, लग ओतायला शिका. हे शिकू नका. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, बोटीत बॅटरी बंद पेटीत असते, शेजारी पेट्रोलची टाकी असते. बॅटरीतून मोठा करंट ओढून बघणारा मोठा लोड टेस्टरही बोटीत वापरायचा नाही, बॅटरी काठावर आणूनच. तो टेस्टर सेल्फच्या बॅटरीसाठी भारी आहे. सीसीएच्या निम्मा लोड 15 सेकंद, व्होल्टेज 9.6 च्या वर राहिलं पाहिजे. मोटर-पंपाच्या बॅटरीबद्दल तोही फार सांगत नाही.

चिमटे कुठे लावता तेही बघा. बोटीच्या बऱ्याच बॅटऱ्यांवर शिशाचा गोल खांब असतो आणि शेजारी फुलपाखरी नटाचा स्टीलचा बोल्ट. चिमटा शिशावर, घासून स्वच्छ करून. बोल्टवर लावलात तर अडथळा वाढतो आणि धडधाकट बॅटरी भंगारात जाते. दोन बॅटऱ्या पॅरलल असतील तर सोडवून एकेक तपासा, नाहीतर चांगली वाईटाला झाकते.

कोणी लिथियम घेऊन आला तर वरचं बरंचसं बाजूला ठेवा. तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं, चिमट्याच्या टेस्टरला त्यातलं काही कळत नाही. तिथे शंट (करंट मोजायची पट्टी) बसवून आत-बाहेर गेलेले अँपिअर-तास मोजणारा मॉनिटर लागतो, नाहीतर तीच उतरवायची चाचणी, पण कटऑफ कंपनी सांगेल तोच.

शेवटचं, पैशाचं. रात्रभराच्या तपासणीचे पैसे आधी ठरवा. "अमुक दुकानात फुकट बघतात" असं गिऱ्हाईक म्हणणारच. फुकट मिळतो तो पाच सेकंदांचा "गुड". तुम्ही मोजलेले एएच आणि तारीख पेंटने बॅटरीच्या अंगावर लिहून द्या. पुढच्या हंगामात तो आला की मागचा आकडा समोर असतो, मग भाव करायला तो फारसा थांबत नाही.