कॅमेऱ्यासमोर बायबलचा संदेश देणाऱ्यांनी सूट कसा निवडायचा, कसा शिवून घ्यायचा

ट्रायलच्या वेळी आपण सगळे हात खाली सोडून आरशासमोर ताठ उभे राहतो, टेलर म्हणतो एकदम फिट बसलाय, आणि मग रेकॉर्डिंगला प्रार्थनेसाठी दोन्ही हात वर केले की जॅकेट कानाला लागतं, कॉलर मानेपासून सुटते, शर्ट बाहेर डोकावतो. संदेश देताना कोणी गप्प उभं राहत नाही, त्यामुळे सूट बघायचा तो हातवारे करूनच.

आधी कापड. बारीक रेघा आणि बारीक चौकडी नकोच, कारण ते डिझाइन आणि सेन्सरवरच्या पिक्सेलच्या ओळी एकमेकांत अडकल्या की स्क्रीनवर लाटा थरथरताना दिसतात, याला मॉयरे म्हणतात आणि एडिटिंगमध्ये तो काढायचा म्हणजे डोक्याला ताप. गडद नेव्ही किंवा चारकोल घ्या, प्लेन. काळ्याभोर सूटमध्ये लॅपेल (छातीवरची दुमडलेली पट्टी) कुठे, बाही कुठे काही कळत नाही, सगळा एक काळा ठोकळा. पांढराशुभ्र शर्टही दिव्याखाली फटफटीत दिसतो, त्यापेक्षा फिकट निळा किंवा ऑफ व्हाइट बरा. चमकणारं पॉलिस्टर तर अजिबात नको, आणि दिव्यांची गरमी असते म्हणून 240 ते 270 ग्रॅमचं हलकं वूल चांगलं पडतं. मागे हिरवा पडदा लावून एडिटिंगमध्ये हिरव्याच्या जागी दुसरं बॅकग्राउंड टाकणार असाल तर हिरवा टाय घालू नका, नाहीतर छातीच्या आरपार बॅकग्राउंड दिसेल आणि लोक वचन सोडून तेच बघत बसतील.

आता फिटिंग, खरी मेख इथेच आहे. खांदा पहिला. शिलाई तुमच्या खांद्याच्या हाडाच्या टोकाशी संपली पाहिजे, रेडिमेड घेत असाल तर खांद्यावरूनच साइज ठरवा, कारण कंबर आत घेणं सोपं पण खांदा उसवून बसवणं महागात जातं आणि नीट बसेलच असं नाही. बाहीची लांबीही कमी करता येते, फक्त मनगटाजवळची काजं खरोखर कापलेली असतील तर खालून कमी करता येत नाही, हे घेण्याआधीच बघून घ्या.

दुसरं म्हणजे मुंढा, म्हणजे जॅकेटला बाही जिथे जोडतात ते भोक. मोठा सैल मुंढा असला की हात मोकळा राहील असं वाटतं पण होतं नेमकं उलटं, मुंढा खाली असला की हाताबरोबर अख्खं जॅकेट वर खेचलं जातं, मुंढा काखेजवळ असला तर बाही वर जाते आणि जॅकेट जागेवर राहतं. टेलर कुरकुर करेल, तरी सांगा. बटण लावल्यावर पोटावर फुलीसारख्या सुरकुत्या आल्या तर घट्ट आहे, थोडं सोडायला सांगा. बाहीखाली शर्टचा कफ 1 ते 1.5 सेमी दिसू दे. पॅन्टचं फार डोकं लावू नका, शॉट बहुतेक कंबरेच्या वरचाच असतो, बसून बोलणार असाल तर मोजे लांब घाला आणि जॅकेटचं बटण उघडा, बस.

माइकचा विचार मात्र कोणी करत नाही. कॉलर माइक लॅपेलला लावला की वायर आतून मागे ट्रान्समीटरपर्यंत न्यावी लागते, तेव्हा अस्तराला आतून एकदोन छोटे लूप शिवून घ्या, वायर लोंबणार नाही आणि कापडाला घासून खरखर पण कमी होईल. ट्रान्समीटर मागे कंबरेला अडकवला की पाठीवर उंचवटा येतो, म्हणून ट्रायलला तो सोबत न्या आणि अडकवूनच माप द्या. मोबाईल, पाकीट, किल्ल्या मात्र खिशात नकोत.

कच्च्या शिलाईची ट्रायल असेल तेव्हा हातात बायबल धरा, एक हात वर करा, पुढे वाका, बाजूला वळा आणि हे सगळं कोणाला तरी मोबाईलवर शूट करायला सांगा, समोरून आणि एका बाजूने. हात खाली आणल्यावर जॅकेट आपोआप जागेवर बसतंय का बघा. दरवेळी ओढून नीट करावं लागत असेल तर पक्की शिलाई मारू देऊ नका, व्हिडिओ टेलरला दाखवा आणि मुंढ्यापासून परत बघायला सांगा.