गावचे संग्रहालय उभारताना: आधी नोंदवही, मग कपाटे

गावात छोटे संग्रहालय काढायचे ठरले की चर्चा बहुधा इमारत, काचेची कपाटे आणि उद्‌घाटनाला कोणाला बोलवायचे यांवर जाते. प्रत्यक्षात पहिला खर्च जाड, शिवलेल्या बांधणीच्या नोंदवहीवर करावा. पाने सुटी होणारी फाइल नको, कारण पान हरवले की वस्तूचा वंशच बुडतो. संगणकावरील नोंद वहीवरून करावी. ती वहीची जागा घेऊ शकत नाही.

हा आग्रह का, ते धाराशिव जिल्ह्यातील तेरकडे पाहिल्यास कळते. तेथील शासकीय संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा केलेल्या वस्तूंमधून उभे राहिले. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात उल्लेखलेले तगर हे शहर ते हेच, आणि तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी ताडून पाहता आली, ती कोठली हे ठाऊक होते म्हणूनच. हीच मूर्ती जुन्या बाजारातून निनावी आली असती, तर तिच्याबद्दल ‘सुंदर आहे’ यापलीकडे फारसे बोलता आले नसते.

प्रत्येक वस्तूला वर्ष आणि अनुक्रम मिळून एक क्रमांक द्यावा, उदाहरणार्थ 2025.14, आणि वस्तू मोडली किंवा परत गेली तरी तो दुसऱ्या वस्तूला देऊ नये. पुढे स्थानिक नाव, देणाऱ्याचे नाव, घर किंवा शेत, मापे, आधीची मोडतोड आणि ठेवण्याची जागा लिहावी. देणारी व्यक्ती जे सांगते ते शक्यतो तिच्याच शब्दांत उतरवावे. त्याची भाषा ‘सुधारू’ नये.

पायलीचेच उदाहरण घेऊ. ‘धान्य मोजण्याचे जुने माप’ या चिठ्ठीतून पाहुण्याला काहीच मिळत नाही. दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली आणि सोळा पायल्या म्हणजे मण हे कोष्टक द्यावेच. पण शेर गावोगावी सारखा नसे, म्हणून या पायलीत ज्वारी एकदा शिगेसह (काठावर चढलेल्या राशीसह) आणि एकदा शीग सपाट करून भरावी, दोन्ही वजने लिहावीत आणि नंतर माप कोरड्या ब्रशने स्वच्छ करावे. खळ्यावर बलुतेदारांना धान्य याच मापाने घातले जाई का, आणि ते शिगेसह की सपाट, हे घरातल्या वृद्धांना विचारावे. त्या एका शिगेत गावाचा बराच व्यवहार कळतो.

क्रमांक थेट मार्करने लिहू नये. कागदावर मऊ पेन्सिलीने मागच्या कोपऱ्यात लिहावा, कापडाला सुती फितीवर लिहून ती टाचावी आणि लाकूड-धातूला चिठ्ठी दोऱ्याने बांधावी. तांब्याची नाणी चिंचेने किंवा पॉलिश पावडरीने घासण्याचा मोह आवरावा, कारण मळाबरोबर अक्षरेही झिजतात. मोडी कागदांना सेलोटेप लावू नये आणि लॅमिनेशन तर कधीच करू नये. धुऊन खळ काढलेल्या सुती रुमालात दप्तर बांधण्याची जुनी पद्धत आजही चांगली आहे. नवी आलेली लाकडी वस्तू किंवा कापड दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे, म्हणजे वाळवी किंवा कसर असल्यास ती आधी दिसेल. कोकणात कपाट पावसाळी भिंतीपासून हातभर दूर असावे. कागद व कापडावर ऊन पडू नये; 50 लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) आसपासचा मंद प्रकाश त्यांना पुरतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तू येतात आणि महत्त्वाच्या हस्तलिखितांना 75 वर्षांची अट आहे. शिल्पे व सचित्र हस्तलिखिते अशा ठरावीक प्रकारांची नोंदणी पुरातत्त्व विभागाकडे करावी लागते. नांगरताना सापडलेल्या नाण्यांच्या हंड्याची खबर 1878 च्या निखात निधी (पुरलेले धन) कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. कोणी कौतुकाने बिबट्याचे कातडे किंवा सांबराचे शिंग आणून दिले, तर ते घेण्याआधी वनविभागाला विचारावे. निसर्गदालनात त्याऐवजी परिसरातील खडक, नदीतील शिंपले आणि गावरान बियाण्यांचे वाण ठेवावेत, अर्थात कोणत्या ओढ्याचे, कोणत्या शेताचे हे लिहूनच.

वस्तू दान दिली की केवळ ठेवायला दिली, हे त्याच दिवशी कागदावर घेऊन सही करून घ्यावी. माझ्या पाहण्यातील एका संग्रहालयात लामणदिवा वडिलांनी ‘दिला’ होता की ‘ठेवला’ होता यावरून दोन भाऊ भांडले आणि दिवा दोन वर्षे पोत्यात बांधून राहिला. दरवर्षी दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की दोघांनी बसावे, एकाने वही वाचावी, दुसऱ्याने वस्तू हातात घेऊन क्रमांक ताडावा, आणि जी जागेवर सापडणार नाही तिच्यापुढे त्या दिवसाची तारीख शाईने लिहावी.