अल-किंदी वाचायचाय? पेन्सिल घेऊन बसा

अल-किंदी म्हणजे ‘अरबांचा तत्त्वज्ञ’. हे ऐकून लोक थेट त्याचा ‘पहिलं तत्त्वज्ञान’ हा ग्रंथ उघडतात आणि अडकतात. माझं ऐका, सुरुवात दुःख दूर करण्याच्या उपायांवरच्या त्याच्या छोट्या पत्रापासून करा. त्यात जहाजाची गोष्ट आहे. घरी निघालेले प्रवासी वाटेत किनाऱ्यावर उतरतात. जे काम उरकून लगेच परततात त्यांना ऐसपैस जागा मिळते. जे फुलं, शिंपले, रंगीत दगड वेचत बसतात त्यांना परतल्यावर अंग चोरून बसावं लागतं, वर ते ओझं सांभाळायचं, आणि फुलं तर कुजायला लागलेली. काहींना कप्तानाची हाक ऐकूच जात नाही. मूळ गोष्ट ग्रीक एपिक्टेटसची, किंदीने ती फुलवली. सत्य दूरच्या, परक्या लोकांकडून आलं तरी ते घ्यायला लाजू नये, असं तो ‘पहिलं तत्त्वज्ञान’मध्ये स्वच्छ लिहितो.

मग तो कुणासाठी लिहीत होता ते बघा. किंदीचे वडील इराकमधल्या कूफा शहराचे सुभेदार. तो स्वतः नवव्या शतकात बगदादच्या दरबारात वावरला. ‘पहिलं तत्त्वज्ञान’ खलिफा अल-मुअतसिमला (८३३–८४२) अर्पण केलंय, आणि खलिफाचा मुलगा अहमद हा किंदीचा शिष्य.

आता पेन्सिल. ‘पहिलं तत्त्वज्ञान’मधल्या या युक्तिवादात किंदी वस्तूबद्दल बोलतो, आपल्याला रेघ पुरते. रेघ अनंत आहे असं धरा आणि वीतभर तुकडा कापा. उरलेली मर्यादित असेल, तर तुकडा परत जोडूनही ती मर्यादितच राहणार, गृहीतच मोडलं. उरलेली अनंत असेल, तर जोडल्यावर ती वाढली का? वाढली, तर एक अनंत दुसऱ्याहून मोठं. नाही वाढली, तर भाग आणि अख्खं सारखंच. दोन्ही त्याला अमान्य. म्हणून अनंत वस्तू नाही, अनंत काळ नाही, जगाला सुरुवात आहे.

मी गणित शिकवते. आजच्या संचांच्या गणितात अनंताचा भाग अख्ख्याइतका असू शकतो, पण पहिल्या वाचनात हा आक्षेप बाजूला ठेवा. नाहीतर जग अनादि मानणाऱ्या अ‍ॅरिस्टॉटलचा हात किंदी कुठे सोडतो, ती जागाच निसटेल. पुढे १०९५ च्या सुमारास धर्मपंडित गझालीने तत्त्वज्ञांना धारेवर धरलं ते प्रामुख्याने या अनादि जगावरूनच. किंदी त्या आरोपात सापडत नाही.

फाराबी आणि इब्न सीना या नंतरच्या तत्त्वज्ञांपुढे त्याचं नाव मागे पडलं. त्याच्या नावावर अडीचशेवर ग्रंथ नोंदलेत, त्यातले बहुतेक हरवले. खलिफा अल-मुतवक्किलच्या काळात तर बनू मूसा या गणिती बंधूंच्या कारस्थानाने त्याचा ग्रंथसंग्रहच जप्त झाला, पुढे तो परत मिळाला, असं जुने चरित्रकार सांगतात.

शेवटी अ‍ॅरिस्टॉटलच्या ग्रंथांची ओळख करून देणारं त्याचं पत्र घ्या. मध्येच तो थांबतो आणि कुराणातल्या ‘यासीन’ अध्यायाच्या शेवटच्या आयतांचा अर्थ लावतो: कुजलेल्या हाडांना पुन्हा जिवंत कोण करणार? ज्याने पहिल्यांदा घडवली तोच. तत्त्वज्ञाला वर्षानुवर्षं कष्टून मिळतं ते प्रेषिताला विनासायास मिळतं, असं तो इथे म्हणतो. हे पान सावकाश वाचा, आणि आपण काढलेली रेघ शेजारी ठेवा.