मंडळीत पुस्तक-वाचनाचा गट कसा चालवावा

वाचनगट सुरू करायचा म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: एक काचेचं कपाट घ्या, देणग्या गोळा करा, शंभर पुस्तकं भरा. हे करू नका. कोल्हापूर आणि आसपासच्या ख्रिस्ती मंडळ्यांत अशी कपाटं मी पाहिली आहेत. पुस्तकं कोरी, कुलूप गंजलेलं आणि चावी कुणाकडे ते कुणालाच आठवत नाही. गटाला कपाट लागत नाही, एकाच पुस्तकाच्या आठ प्रती लागतात. मी हे काम बारा वर्षं करते आहे. त्यातून जे शिकले तेवढंच इथे लिहिते.

माणसं सहा ते दहा. पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, सांगून सुरू करा. वार एकदा ठरला की बदलू नका. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चढलं की नदीकडच्या घरी बसू नका, एवढंच.

पुस्तक निवडताना दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे सुरुवातीलाच ‘सेवाकार्यातील नेतृत्व’ छापाचं पुस्तक किंवा बायबलमधल्या प्रकटीकरणावरचं जाडजूड भाष्य घेणं. घरकाम, शिफ्ट, मुलांचे क्लास सांभाळून आलेल्या माणसाला ते दुसऱ्याच आठवड्यात जड जातं. दुसरी चूक म्हणजे वाईट भाषांतर. मुखपृष्ठ पाहून घेऊ नका. दुकानातच मधलं एखादं पान उघडा आणि मोठ्यानं वाचा. एकाच पानात तीन वाक्यं पुन्हा वाचावी लागली तर लेखक कितीही मोठा असो, ते पुस्तक खाली ठेवा.

पहिलं पुस्तक आत्मचरित्र असावं आणि मूळ मराठीतलं असावं, यावर मी ठाम आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या, सगळी नको, पहिला भाग पुरे. त्यांचे पती नारायण वामन टिळक 1895 मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी लगेच बाप्तिस्मा घेतला नाही, मधली काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे तिथपर्यंत वाचलंत की बघा, एकाच घरातल्या दोन श्रद्धांबद्दल गटातली प्रत्येक बाई बोलते. नाहीतर बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींचं ‘अरुणोदय’ घ्या. पदमनजी 1906 साली गेले, लक्ष्मीबाई 1936 साली. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे या मूळ पुस्तकांच्या पानांची झेरॉक्स काढायला हरकत नाही. आजच्या लेखकांची आणि भाषांतरांची मात्र झेरॉक्स काढू नका, प्रती विकत घ्या. जुनी पुस्तकं शोधताना करवीर नगर वाचन मंदिरात विचारा. ते 1850 चं आहे, अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले त्याच्या दोन वर्षं आधीचं.

आता खरं अवघड काम, बोलणं.

माझा पहिला गट पाच आठवड्यांत बंद पडला. सगळे वाचून यायचे, चहा घ्यायचे आणि मी विचारायची, “कसं वाटलं?” एकजण म्हणायचे, “फार आशीर्वाद मिळाला.” दुसऱ्या म्हणायच्या, “मलाही.” मग सगळे पाळकांकडे बघायचे, पाळक पंचवीस मिनिटं बोलायचे आणि प्रार्थना करून उठायचं. रविवारचा संदेश आम्ही बुधवारी पुन्हा ऐकत होतो. माणसं यायची थांबली यात त्यांचा दोष नव्हता. प्रश्न माझा चुकत होता.

“कसं वाटलं?” हा प्रश्न विचारूच नका. प्रत्येकानं घरून एक ओळ पेन्सिलनं अधोरेखित करून आणायची आणि ती फक्त वाचून दाखवायची. भाष्य नको. लाजणारी माणसंही दुसऱ्याची ओळ वाचू शकतात, आणि वाचताना आवाज कुठे अडला हे सगळ्यांना कळतं. फेरी पूर्ण झाल्यावर एकच विचारा: “न पटलेली ओळ कोणती?” पहिले दोन आठवडे कुणी बोलणार नाही. छापलेलं, तेही ख्रिस्ती पुस्तक, म्हणजे न पटणं पाप, असं आपल्या मनात बसलेलं असतं. बिरुया गावातल्या लोकांनी प्रेषित पौलाचं बोलणंसुद्धा शास्त्रात ताडून पाहिलं आणि बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांचं कौतुकच आहे, हे तेव्हा सांगा. मग गप्प बसा. मनात वीस आकडे मोजा. ती शांतता मोडायची घाई मी वर्षानुवर्षं केली आणि दर वेळी कुणाच्या तरी ओठांवर आलेलं वाक्य परत गेलं.

पाळकांना शेवटी बोलायची विनंती करा. पण ती आधी त्यांच्या घरी जाऊन, एकट्यात करा. चारचौघांत “पाळकसाहेब, तुम्ही नंतर” असं म्हणालात तर त्यांचा मान दुखावतो.

पुस्तकात आलेलं प्रत्येक वचन पवित्र शास्त्रात उघडून मागची-पुढची वचनं वाचा. यिर्मया 29:11 घ्या. निम्म्या पुस्तकांत ते नोकरी, घर, लग्न यांच्या आश्वासनासारखं छापलेलं असतं. ते बाबेलात बंदिवासात असलेल्यांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि आदल्याच वचनात सत्तर वर्षं सांगितली आहेत. हे वाचलं त्या संध्याकाळी आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, “म्हंजे ते पत्र ऐकणारे कितीतरी जण तिथंच मेले की.” त्यानंतर तासभर जे बोलणं झालं, तसं मी कुठल्या शिबिरातही ऐकलं नव्हतं. दान दिलं की धंदा दुप्पट होतो असं सांगणारी पुस्तकं या एका सवयीनं आपोआप गळून पडतात.

एक इशारा मात्र कळवळून देते. गटात बोललेलं गटाबाहेर जाता कामा नये, प्रार्थना-विनंती म्हणूनसुद्धा नाही. एका ताईंनी मुलाच्या दारूबद्दल सांगितलं होतं. मला वाटलं, मंडळीनं प्रार्थना करावी. रविवारी मी विनंती दिली, मुलाचं नाव घेऊन प्रार्थना झाली आणि ताई मागच्या बाकावर मान खाली घालून बसल्या होत्या. त्या गटात पुन्हा आल्या नाहीत. मी घरी जाऊन क्षमा मागितली, त्यांनी चहाही दिला, पण आल्या नाहीत. तेव्हापासून प्रत्येक नव्या पुस्तकाच्या पहिल्या दिवशी हा नियम मी मोठ्यानं सांगते आणि एकेकाकडून “हो” म्हणवून घेते. तुम्हीही घ्या. माना डोलावल्या म्हणजे कबुली मिळाली असं धरू नका.

प्रार्थना शेवटी, आणि त्या दिवशी निघालेल्या विषयासाठीच. दीड तास झाला की उठा, बोलणं कितीही रंगलेलं असो.

पुस्तक संपलं की एक आठवडा सुट्टी. पुढचं पुस्तक सगळ्यात कमी बोललेल्या माणसाला निवडू द्या, दुकानात त्याच्यासोबत जा आणि पान मोठ्यानं वाचायला त्यालाच सांगा.