गाजर थुंकणारं बाळ: माझा अनुभव

लेक ६ महिन्यांची झाली आणि मी गाजर वाफवून मिक्सरमधून काढायला लागले. पहिल्याच चमच्याला तिने जिभेने सगळं हनुवटीवर ढकललं. चार दिवस हेच. हिला गाजर आवडतच नाही, असं मी ठरवून टाकलं, आणि तीच घाई झाली. नवी चव अंगवळणी पडायला ८-१० वेळा, कधी त्याहून जास्त वेळा चाखावी लागते, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा जीव भांड्यात पडला.

माझी प्युरी फार पातळ होती. मग गाजर वाफवल्यावर उरलेलं पाणी दोनच चमचे घातलं. चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही, इतपत घट्ट. आणि भरवण्याची जबरदस्ती सोडली. चमचा ओठांपाशी धरायचा, तिने तोंड उघडलं तरच आत. मान फिरवली की जेवण संपलं. हे मला सगळ्यात जड गेलं.

मीठ-साखर मात्र नाहीच, वर्षाच्या आत मधही नाही.

नवव्या दिवशी तिने चमचा दोन्ही हातांनी धरून स्वतःच तोंडात ओढला. आठव्या महिन्यापासून मिक्सर बंद केला. आता मऊ शिजवून काट्याने कुस्करते, बारीक गुठळ्या राहू देते.